विमान खाली आलं ते कोणाच्या दिव्यांनी?

हिराबाई गोमा कोळी, राहणार खडपवाडी, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. हिच्यावर अन्याय झाला तो गेल्या कार्तिकात, वद्य पंचमीला, दिवेलागण होऊन गेल्यावर थोड्याच वेळात. तिच्या नवऱ्याची होडी खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटली. होडी फुटली कारण टेकडीवरचा दिवा बंद होता. दिवा बंद होता कारण तो लावू नये असा सरकारी हुकूम होता. आणि हुकूम निघाला कारण त्याच्या आधीच्या चैत्रात, शुद्ध सप्तमीच्या संध्याकाळी, मुंबईला उतरायला निघालेलं एक विमान या किनाऱ्यावर नको तितकं खाली आलं होतं.

संपादकांनी मला प्रवासाचं काहीतरी लिहून मागितलं. म्हणाले, पत्रकबाजी नको, जरा समुद्र येऊ दे, माडबिड येऊ देत. समुद्र आहे. माड आहेत. मासेही आहेत. पण मी तिकडे गेले ती दिव्यासाठी, आणि दिव्याचं सांगितल्याशिवाय माड सांगणं मला जमणार नाही.

रेवस

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव, आणि तोही उन्हाळ्यात अंग चोरून बसलेला. भाऊच्या धक्क्यावरून वैशाखातल्या एका सकाळी लाँच सुटली तेव्हा मी मोठ्या ऐटीत पुढच्या टोकाला उभी राहिले. बंदराबाहेर पडल्यावर ऐट उतरली. शेजारच्या एका कोळणीने माझ्याकडे बघून आपली रिकामी टोपली पुढे सरकवली आणि म्हणाली, "यात कर. धुवाचीच हाय ती." केलं. मोठमोठ्या सभांत पहिल्या रांगेत बसून घोषणा दिलेल्या आहेत मी, पण इतक्या सहज कोणी मला आपलं मानलं नव्हतं.

रेवसला पोचलो तर ओहोटी. उतरल्यावर चिखलाचा एक पट्टा तुडवत जायचं होतं. सगळ्यांनी वहाणा आधीच हातात घेतल्या होत्या. मी नव्हत्या घेतल्या. डावी चप्पल कुलाबा जिल्ह्याला अर्पण झाली. उजवी मीच पुढे एका कुंपणावर ठेवून दिली, एकटीचं करायचं काय. एस.टी.च्या थांब्याशी चहा घेतला, बरोबर पाव. इथे पाव सकाळच्या न्याहारीला असतो. आमच्याकडे अजून तो आजाऱ्याचं खाणं समजतात. मग एस.टी., मग फाट्यावरून अनवाणी चाल. दोन्ही बाजूंना कापणी होऊन गेलेली खाचरं, भाजून निघालेली, आणि पुढे एकदम हवा बदलते, खारट होते, आणि वासावरूनच कळतं की वाडी आली.

खडपवाडी

नकाशावर शोधू नका, मिळणार नाही. थळच्या उत्तरेला एक लहानशी खाडी आहे, तिच्या काठाला शंभरेक घरं असतील नसतील. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली काळा खडक पसरलेला आहे आणि त्याच्यामधून एक अरुंद वाट. त्या वाटेने होडी आत येते, दुसरीकडून नाही.

हिराबाई वलांडीपाशी होती. बांबूंची उंच मांडणी, तिच्यावर बोंबील जोडीजोडीने लटकवलेले, वाऱ्यावर खडखडणारे. ती खालून वर बघत एकेक बोंबील उलटवत होती. कास्टा घट्ट, कपाळावर मोठं कुंकू, वय असेल चाळिशीच्या आसपास. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. "खडपवाडीचा दिवा परत द्या" असं वर ठळक अक्षरात छापलेलं. तिने गठ्ठा पाहिला, माझे चिखलाचे पाय पाहिले.

"मतं मागाला आयलीस?"

"नाही, मी दिव्याचं—"

"मग बस. मतंवाल्यांना आमी उभं ठेवतो."

दिव्याची बातमी वाडीवरूनच मुंबईला पोचली होती. मुंबईला मासळी घेऊन जाणाऱ्या एका बाईने आमच्या संघटनेच्या तिथल्या कचेरीत येऊन दिव्याची हकिकत सांगितली होती, त्यावरून ते पत्रक निघालं होतं. हिराबाईने एक पत्रक हातात घेतलं, बोटांनी कागद चाचपला आणि म्हणाली, "कागद बरा हाय. जाड हाय." दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर तिची सासू त्यात सुकट बांधून देत होती. रागवणार होते, मग म्हटलं, आमची पत्रकं इतक्या घरांत एरवी कधी पोचतात?

दिव्यांची रीत मला गोमाने दाखवली. गोमा म्हणजे हिराबाईचा नवरा. कार्तिकात होडी फुटली तेव्हा त्याचा पाय फळ्यांमध्ये सापडला. हाड जुळलं, पण वाकडं. आता तो दुसऱ्याची जाळी विणतो. हसरा माणूस. काठी टेकत टेकत त्याने मला पुळणीवर नेलं.

खाडीच्या काठाला देवीच्या देवळासमोर एक खांब आहे, त्यावर कंदील. हा खालचा दिवा. मागे टेकडीच्या माथ्यावर दगडी चौथरा आहे, त्यावर उंच खांब आणि मोठा कंदील. हा वरचा. संध्याकाळी होडी परत येताना तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, हे दोन दिवे शोधतो. वरचा दिवा खालच्याच्या डाव्या हाताला दिसला तर तुम्ही एका बाजूला सरकलात, उजव्या हाताला दिसला तर दुसऱ्या बाजूला.

"आनि बराबर डोक्यावर बसला," गोमा म्हणाला, "का सोरून दे सुकाणू. होरी घरची गाय हाय, आपसूक गोठ्यात येते."

"आणि एकच दिवा असला तर?"

"तं त्यो नुसता दिवा. गाव हाय येवडं सांगतं. वाट कंची ते नाय सांगत."

सरकारने बंद केला तो फक्त वरचा. हुकूम देणाऱ्याला वाटलं असेल, एक ठेवला की झालं, निम्मी सोय राहिली. दोनातला एक काढला की सोय निम्मी राहत नाही, संपते, हे त्याला कोणी सांगितलं नाही किंवा त्याने विचारलं नाही.

वरचा दिवा देवीचा मानतात, आणि तो लावायची पाळी असते. एका वर्षी एक घर. पावसाळा सोडला तर रोज संध्याकाळी लावायचा, होड्या बाहेर असोत की काठाला. आपल्या नसल्या तरी परक्या गावची एखादी चुकून यायची असेल. घरचं कोणी वारलं तरी त्या संध्याकाळी आधी दिवा, मग बाकीचं. पाळीच्या घराचा दिवा चुकला असं खडपवाडीत कधी झालं नाही, असं मला त्या दिवशी निदान सहाजणांनी छाती काढून सांगितलं. ज्या चैत्रात विमान खाली आलं त्या वर्षी पाळी हिराबाईच्याच घरची होती.

जेवायला तांदळाची भाकरी आणि कालवांचं कालवण. आमची ज्वारीची भाकरी थापताना आवाज करते. ही गपचूप पसरते, पांढरी, मऊ, पापुद्रा सुटलेली. कालवं खाडीच्या खडकांवरून फोडून आणतात. हो, त्याच खडकांवरून. हिराबाई वाढताना म्हणाली, "खा. होरी खाल्ली त्यांनी, आता आमी त्यांना खातो." गोमा खो खो हसला. माझा घास हातातच राहिला, तर म्हातारी सासू म्हणाली, "काटा हाय काय गो?"

संध्याकाळी अंगणात बसलो असताना दक्षिणेकडून एक विमान आलं, दोन पंख्यांचं, घरघरत. पाठोपाठ थोड्या वेळाने, पुष्कळ उंचावरून, नवं जेट शिट्टी घातल्यासारखं निघून गेलं. मी गोमाला विचारलं, यातलं कोणतं आलं होतं तेव्हा खाली? तो म्हणाला, मी पाहिलं नाही. हिराबाईला विचारलं. तीही म्हणाली, नाही पाहिलं. गावातल्या कोणालाच ते विमान नीट आठवत नव्हतं. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी त्या वेळी डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळा जुळवत होते.

थळ

हिराबाईच मला म्हणाली, थळला माझं एक गिऱ्हाईक आहे, त्यांचा मुलगा "इमानं उतरवाचं" काम करतो, सुट्टीवर आला आहे, त्याला विचार. त्यांना मी इथे वर्तक म्हणते. हे त्यांचं खरं आडनाव नाही. त्यांनी सांगितलेलं सगळं छापायला परवानगी दिली, नाव सोडून.

सुपारीच्या वाडीतलं घर, पाटाचं पाणी, ओटीवर झोपाळा. त्यांच्या आईने पन्हं दिलं, फणसाचे गरे दिले, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही असं दमात सांगितलं. मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, तुमचं विमान वाट चुकतं आणि कोळ्यांचा दिवा विझतो, हा कुठला न्याय?

वर्तक चिडले नाहीत. माझ्याच वयाचे असतील, चार-दोन वर्षांनी मोठे. "आधी विमान उतरतं कसं ते ऐकता का? मग भांडू. मी पण भांडेन."

अंगणात त्यांनी काटकीने एक लांब रेघ ओढली. ही धावपट्टी. परडीतले आंबे घेतले: एक लहान रायवळ, एक मध्यम, एक मोठा हापूस.

"लोकांना वाटतं आम्ही विमानं पोटावरून ओळखतो, मोठं की लहान. आम्हांला पोटाशी कर्तव्य नाही. पाय टेकायच्या वेळी त्याचा वेग किती असतो, ते बघायचं. हा रायवळ म्हणजे डाकोटा, ते जुनं दोन पंख्यांचं विमान. सावकाश येतो. हे मधलं, चार इंजिनांचं. आणि हा हापूस म्हणजे नवं जेट, हे उतरतानासुद्धा इतकं जोरात असतं की वळायला त्याला केवढं तरी आकाश लागतं. त्यामुळे प्रत्येकाला नियम वेगळा. ढग किती खाली असले तर यायचं, जमीन दिसली नाही तर किती उंचीवरून परत फिरायचं, मागच्याने पुढच्यापासून किती लांब राहायचं. सगळं वेगावर."

"आणि रस्ता कोण दाखवतं?"

"तीन जण. पहिला, जमिनीवरचा एक रेडिओचा खांब. तो सारखा एकच सूर लावून बसलेला असतो. विमानातला काटा त्या सुराकडे तोंड करून राहतो. पण लक्षात घ्या, काटा दिशा सांगतो, अंतर सांगत नाही."

दुसरे त्यांनी सांगितले ते दोन अदृश्य किरण. धावपट्टीच्या टोकाकडून सोडलेले. एक सांगतो डावीकडे आहेस की उजवीकडे, दुसरा सांगतो वर आहेस की खाली. वैमानिकापुढच्या तबकडीत दोन काटे. ते मधोमध एकमेकांना कापत असले की वाट बरोबर. मी म्हटलं, ही तर गोमाचीच रीत झाली, दिव्यावर दिवा. ते म्हणाले, तत्त्व तेच, फक्त आमचा दिवा डोळ्यांना दिसत नाही.

"आणि तिसरे शेवटचे खरे दिवे. ओळीने मांडलेले, धावपट्टीकडे नेणारे. शेवटी कितीही यंत्रं असोत, ठरलेल्या उंचीवर आल्यावर वैमानिकाला डोळ्यांनी दिवे दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर परत वर."

"मग त्या संध्याकाळी काय झालं?"

त्यांनी रायवळ उचलला. त्या दिवशी वारा फिरला होता. नेहमीची किरणांची धावपट्टी सोडून आडवी धावपट्टी वापरात होती. तिला किरण नव्हते. म्हणजे काटा आणि डोळे, एवढंच. डाकोटा सावकाश चालणारं, लहान वळणात फिरणारं, म्हणून त्याला डोळ्यांच्या भरवशावर खाली यायची मुभा जास्त. चैत्रातली धुरकट हवा. काटा सांगतोय नाकासमोर चल. किती उरलं ते सांगत नाही. आणि वैमानिकाला धुरातून समोर दिवे दिसले. त्याला वाटलं, आलं मुंबई. तो खाली आला. मग त्याला पुढे झाडांचे शेंडे दिसले आणि त्याने विमान वर खेचलं. कोणाला काही झालं नाही.

"दिवे?" मी विचारलं. "की दिवा?"

वर्तकांनी आंबा खाली ठेवला. "तेच मी तुम्हांला सांगणार होतो. टेकडीवरच्या एका कंदिलाला कोणी धावपट्टी समजत नाही हो. दर्यावर असे शेकडो कंदील असतात, वैमानिक रोज बघतात. माणूस फसतो तो ओळीला. त्याने वर आल्यावर रेडिओवर जे सांगितलं ते त्या पाळीला मी स्वतः ऐकलंय. दोन ओळी, समोरासमोर, सरळ पुढे जाणाऱ्या. टेकडीवरच्या दिव्याचं त्याने नावसुद्धा काढलं नाही."

"मग हे तुम्ही तेव्हाच वर का नाही सांगितलं?"

"सांगितलं. वरून उत्तर आलं, चौकशी जिल्ह्याची आहे आणि गावाने दिवा कबूल केलाय."

जेवण झालं. वालाचं बिरडं होतं, आणि आंब्याचा रस. वर्तकांची आई मला म्हणाली, पोरी, पायात काहीतरी घाल, आणि स्वतःच्या जुन्या वहाणा दिल्या. मोठ्या होत्या. फटफट वाजवत मी परत निघाले आणि वाटभर मला एकच दिसत होतं: समोरासमोर दोन ओळी, सरळ पुढे जाणाऱ्या.

सुरूची बाग

खडपवाडीच्या अलीकडे एक बंगला आहे. मुंबईच्या एका मोठ्या माणसाचा. फाटकापासून समुद्रापर्यंत सुरूच्या झाडांमधून सरळ रस्ता. मी फाटकाशी उभी राहिले आणि त्या रस्त्याकडे पाहिलं. कोणाला सांगायची गरज नव्हती.

राखणदार बोलका होता. चैत्रात पार्टी? हो तर. साहेबांच्या लग्नाचा वाढदिवस. मुंबईहून पाहुणे, लाँचने आले, बँडसुद्धा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या लावल्या होत्या, फाटकापासून पार पुळणीपर्यंत.

"आणि विमान?"

"ते काय हो, बाई! हितनं गेलं, सुरूच्या शेंड्यावरनं. मी तं खाली बसलो. पाहुणे गच्चीवर जेवत होते. त्यांना वाटलं साहेबांनीच मागवलंय. सगल्यांनी टाळ्या वाजवल्या."

"हे अलिबागला येऊन सांगाल?"

त्याचा चेहरा बंद झाला. "मी काय बघितलं नाय," तो म्हणाला आणि फाटक लावलं. त्याला दोष देत नाही. त्याची चूल त्या फाटकाच्या आत आहे.

पुन्हा खडपवाडी

आनंदाने उड्या मारत वाडीत आले. हिराबाईच्या ओटीवर म्हातारी सासू जाळ्याचा दोरा वळत होती. मी तिला सगळं सांगितलं, बंगला, गॅसबत्त्या, टाळ्या. म्हटलं, आजी, तुम्हांला बँड ऐकू आला असेल ना त्या संध्याकाळी? इतका जवळ तर आहे.

"चैताची सातम ना? त्या दिशी आमी कसल्या हितं? कार्ल्याला. एकवीरा आयची पालखी असते. सगली वारी जाते. कुत्रा बी मागं रहत नाय."

"सगळी वाडी?"

"मी बी गेलतू! औंदा नाय झेपला, पन गेल्या वर्सी गेलतू."

"मग दिवा कोणी लावला?"

म्हातारीचे हात थांबले. आतून हिराबाई बाहेर आली, तिने सासूच्या मांडीवरचं जाळं उचललं आणि म्हणाली, "आये, उठ. उन आयलं तुज्यावर." ऊन कुठेच नव्हतं.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कालवं फोडायला निघाली तेव्हा मी न विचारता तिच्या मागे गेले. खडकावर उकिडवी बसून कोयत्याच्या टोकाने एकेक कालव उघडत ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

पाळीच्या घराने पालखीला जाताना एक माणूस मागे ठेवायचं असतं. सासू राहणार होती. निघायच्या वेळी म्हातारी दारात उभी राहून सगळ्यांच्या नव्या लुगड्यांकडे बघत राहिली. हिराबाईला राहवलं नाही. "मीच बोल्लू, चल आये. पुडल्या वर्सी तू आसशील का नाय. होऱ्या सगल्या काठाला. कोन येनार हाय?" दिवा त्या संध्याकाळी लागला नाही, आणि पालखीच्या गर्दीत ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग चौकशीला साहेब आला. देवळासमोर सगळी वाडी जमलेली. साहेबाने विचारलं, त्या दिवशी दिव्याची पाळी कोणाची? सगळ्यांनी हिराबाईकडे पाहिलं. दिवा होता का?

"मी काय बोलनार? पंचासमोर, देवीसमोर? बोल्लू, व्हता. लख्ख व्हता."

"आणि बाकीचे?"

ती पहिल्यांदा हसली, वाकडं. "बाकीचे? पाटील बोल्ले, आमचा दिवा मांडव्यावरून दिसतं. दुसरा बोल्ला, मांडवा काय, रेवसवरून दिसतं. साहेब लिवतच व्हता."

मी खडकावर बसूनच उसळले. म्हटलं, हिराबाई, हे तुम्ही सांगितलंच पाहिजे! नारळी पुनवेला होड्या बाहेर पडतील, त्याच्या आत दिवा परत लागला पाहिजे, आणि नसलेल्या दिव्यावर हुकूम निघालाय हे एकट्या तुम्हीच सांगू शकता.

"तुना सोपा हाय," ती म्हणाली. "तू बोलशील नि लाँचीत बसशील. मना हितं पानी भराचं हाय. आनि देवीनं माजी होरी घेतली ना? झाली फेड." कोयता धुतला आणि उठली. मी तिची टोपली उचलून मागोमाग निघाले. 

दुपार कलल्यावर देवळासमोर नेहमीप्रमाणे पुरुष जाळी घेऊन बसले होते, बायका टोपल्या घेऊन. पाटील म्हणजे वाडीचे मुख्य, पिकल्या मिशांचे, विडी ओढत होते. माझ्यासाठी ते सह्या गोळा करायच्या गोष्टी काढत होते, तेवढ्यात हिराबाई पुढे आली, पदर खांद्यावरून घेतला आणि उभ्यानेच म्हणाली:

"सातमीचा दिवा आमचे घरानं लावला नवता. आयेला मीच कार्ल्याला नेली. साहेबाला मी खोटा बोल्लू. होरी माजी गेली ती गेली, दुसऱ्या कोनाची जावाला नको."

 एक म्हातारी टोपलीमागून म्हणाली, "म्हंजे देवी आई अंधारात व्हती?" कोणीतरी जमिनीवर थुंकलं. गोमा काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होता. मला वाटलं, आता काय होतं कोण जाणे.

मग पाटलांनी विडी विझवली. सावकाश म्हणाले, "थांब. साहेबासमोर मी बोल्लो ना, दिवा मांडव्यावरून दिसतं?"

"बोल्लास," हिराबाई म्हणाली.

"मी कुटं व्हतो सातमीला?"

"पालखीच्या म्होरं नाचत व्हतास," गोमा म्हणाला.

"आनि त्यो रेवसवाला?"

"माज्या बाजूला!" गोमाच पुन्हा म्हणाला.

कोणी पहिल्यांदा हसलं ते कळलं नाही. मग सगळी हसली, टोपलीमागची म्हातारीसुद्धा. न पाहिलेल्या दिव्याची साक्ष अख्ख्या गावाने दिली होती, आणि ती देताना एकमेकांवर कडी केली होती. भीतीने नाही, लोभाने नाही. आपला दिवा विझलेला होता असं परक्या माणसासमोर म्हणवेना, म्हणून. आमच्या सोलापुरात साक्ष फिरवायला लोकांना काय काय द्यावं लागतं ते मी पाहिलं आहे. इथे एका वाडीने मानापायी फुकटात स्वतःविरुद्ध साक्ष दिली.

दंड मात्र सुटला नाही. हिराबाईच्या घराने देवीला नारळ द्यायचा आणि दिवा परत मिळाला तर पुढच्या वर्षीची पाळीही तिनेच करायची. ती म्हणाली, करीन.

अलिबाग

दुसऱ्या दिवशी हिराबाई, पाटील आणि मी, तिघं अलिबागला गेलो. हिराबाईने लग्नकार्यातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. कचेरीबाहेरच्या वडाखाली बसून आम्ही भाकरी आणि सुकट खाल्ली. जाणारे-येणारे वकील वासाने वळून बघत होते.

आतले अधिकारी सभ्य होते. मी ज्याच्यावर ओरडायला गेले होते तसे नव्हतेच ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हिराबाईला खुर्ची दिली. ती बसली नाही. मग ते म्हणाले, "बाई, अडचण समजून घ्या. गेल्या वर्षी सगळ्या गावाने सांगितलं दिवा होता. आज सगळं गाव सांगतं दिवा नव्हता. मी कोणती साक्ष धरू? गावाचा हितसंबंध आहे. गावाबाहेरचा कोणी हवा, ज्याने त्या संध्याकाळी बंगल्याच्या बत्त्या पाहिल्या आणि विमान पाहिलं. असा एक माणूस माझ्यासमोर आला तर हुकूम मागे घ्यायची शिफारस मी त्याच दिवशी करतो."

"एक?" हिराबाईने विचारलं.

"एक पुरे."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "बंगल्यावर तं पुस्कल व्हते ना?"

म्हणून हे लिहिलं आहे, आणि म्हणून याच मासिकात लिहिलं आहे. आमची पत्रकं गिरण्यांच्या फाटकांवर वाटली जातात. तिथे तो माणूस मला सापडणार नाही. या मासिकाचे वर्गणीदार कुठे राहतात, सुट्टीत कुठे जातात, कोणाच्या गच्चीवर जेवतात, याचा मला अंदाज आहे. तुमच्यातले काहीजण चैत्र सप्तमीला लाँचने त्या बंगल्यावर गेला होतात. बँड वाजत होता. गॅसबत्त्यांच्या दोन ओळी समुद्रापर्यंत गेल्या होत्या आणि तुम्ही म्हणाला असाल, काय सुंदर दिसतंय. मग डोक्यावरून विमान गेलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्यात गुन्हा नव्हता. तुम्हांला माहीत नव्हतं. आता आहे.

आषाढ निम्मा सरला आहे. श्रावणात नारळी पुनवेला खडपवाडीच्या होड्या पाण्यात उतरतील, आणि पहिल्याच संध्याकाळी परत येताना त्यांना तो खडक पार करायचा आहे. हिराबाईने आपल्या देवीसमोर, आपल्या सगळ्या वाडीसमोर उभं राहून सांगितलं. तुम्हांला फक्त एका टेबलासमोर उभं राहायचं आहे. यजमानांना वाईट वाटेल तर वाटू द्या. पावसात लाँच बंद आहेत, पण पनवेलवरून एस.टी. जाते. अलिबागला उतरा, कचेरी विचारा, आत जा आणि सांगा: बत्त्या मी पाहिल्या, विमान मी पाहिलं. श्रावण लागायच्या आत जा.